नऊ एकांचे नाना

नानांच्या हातात लग्नपत्रिका पडली की मुहूर्त, कार्यालय, आहेर यांतलं ते काही वाचत नाहीत. पत्रिकेची पाठ कोरी आहे का, एवढंच बघतात. मग खिशातलं बॉलपेन निघतं, ओळीनं नऊ एक मांडले जातात आणि समोरचा माणूस अडकतो.

"याचा वर्ग कर बघू."

आपण मोबाइल काढला की नाना तो खाली ठेवायला लावतात. कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे गिळतो, हा त्यांचा जुना राग. गुणाकार पायरीपायरीनं उतरतो आणि तळाशी येतं 12345678987654321. सुलट वाचा, उलट वाचा, तेच. एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले! अंकांची बेरीज 81. त्याच 81 नं अख्ख्या संख्येला भाग जातो, बाकी शून्य. अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलं. ही संख्या त्यांच्या 'डेम्लो' कुळातली. तो विचार त्यांना सुचला डोंबिवली स्टेशनात. "आज तिथं माणसाला गाडीत चढण्यापलीकडे काही सुचतं का?" इति नाना. लीलावतीत परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत आणि ही संख्या सतरा आकडी, म्हणजे परार्ध एका घरानं हुकला. याची हळहळ वेगळी.

आतून काकू विचारतात, "अहो, लग्न कधीचं आहे?" नाना म्हणतात, "बघतो," आणि दुसरी पत्रिका शोधतात.

एखाद्या आगाऊ पोरानं "दहा एक घेतले तर?" असं विचारलं की मात्र चेहरा उतरतो. तिथं हातचा येतो, सगळी शिस्त बिघडते आणि 1234567900987654321 असं काहीतरी निघतं. चढणीवरचा आठ बेपत्ता! घरातल्या मुलानं पळून जाऊन लग्न केल्याची बातमी सांगावी तशा आवाजात नाना हे सांगतात. मला विचाराल तर खरी गंमत या बिघडलेल्या संख्येतच आहे, पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

संध्याकाळी मुक्काम पार्किंगमध्ये. गाडी 3524. अंक उतरते लावा, त्यातून चढते वजा करा: 5432 वजा 2345, 3087. पुन्हा तेच, 8352. पुन्हा तेच, 6174. पुढं कितीही करा, 6174च. हेही कापरेकरांचंच. कुठलीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथं पोचते. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट.

दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं जादा पैसे भरून 1111 नंबर घेतला. पेढे वाटले. नानांनी पेढा तोंडात टाकला, नंबर प्लेट पाहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढे पैसे मोजून शून्य घेतलंस की रे!"

तो हल्ली गाडी मागच्या गल्लीत लावतो.