राखाडीची सोय नाही

चाकणला रोज गाडीने जाणाऱ्या माणसाने गाडीच्या आत रोषणाई करायची नाही, तर कोणी करायची? मुंबईकराचं निम्मं आयुष्य लोकलमध्ये जातं, पण त्याला चौथी सीट आहे, भजनी मंडळ आहे, भांडण आहे. आम्ही मोशी ते तळेगाव चौक पहिल्या गिअरमध्ये एकटेच बसतो आणि पुढच्या कंटेनरच्या दारावरचे नंबर वाचतो. शाइस्तेखानाला १६६० साली चाकणचा किल्ला घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले, त्याचं श्रेय फिरंगोजी नरसाळ्यांचं. आता फिरंगोजी नाहीत, संग्रामदुर्गाची तटबंदीही बरीचशी ढासळली आहे. तरी चाकणात शिरणं पूर्वीइतकंच अवघड ठेवायचं काम कंटेनरवाल्यांनी निष्ठेने चालवलं आहे. बाहेर बघण्यासारखं काही नसलं की माणूस आत बघणारच.

हे झालं बायकोला दिलेलं कारण. खरं कारण म्हणजे चौसष्ट.

त्याच चाकणमध्ये मर्सिडीजचा कारखाना आहे. २०१३ साली त्यांची जी एस-क्लास आली तिच्यात साधा बल्ब औषधालासुद्धा नव्हता, होते ते सुमारे पाचशे एलईडी. पुढे त्यांच्या गाड्यांत आतल्या उजेडाला ६४ रंग आले. बाप्पाच्या कला चौसष्ट, जर्मनांचे रंगही चौसष्ट. आणि माझ्या गाडीत? छताला एक पिवळा दिवा. दार उघडलं की लागतो आणि खाली पडलेलं पेन दिसायच्या आत विझतो. लग्नकार्यात कोणी विचारलं की मी सांगतो, ‘ऑटोमोबाइलमध्ये आहे.’ यात खोटं काही नाही. आमची कंपनी डॅशबोर्डमागे बसणारा एक ब्रॅकेट बनवते आणि मी तिथे अकाउंट्सला आहे. ब्रॅकेट रिजेक्ट झाला की त्याची डेबिट नोट माझ्याच टेबलावर येते. या नात्याने गाडीच्या अंतरंगावर आपला थोडाफार हक्क आहे असं मी धरून चालतो. शिवाय १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचे लाल दिवे गेले. मंत्र्याकडे नाही तो लाल दिवा आपल्या पायाशी लागावा, ही इच्छा फार मोठी नाही.

सामान आणायला तपकीर गल्लीत गेलो. गाडीचं सामान, पण गेलो मेट्रोने. त्या भागात गाडी लावायला जागा मिळाली असती तर मी तिथेच फ्लॅट घेतला असता. दुकानदाराने पट्टीचं भेंडोळं काउंटरवर आपटलं. मी जरा तोऱ्यात विचारलं, ‘रंग किती?’ तो मान वर न करता म्हणाला, ‘एक कोटी सदुसष्ट लाख.’ मला वाटलं चेष्टा करतोय. परतीच्या मेट्रोत हिशेब केला: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, गुणाकार १,६७,७७,२१६. बेरीज-वजाबाकीत माझा जन्म गेला, पण गुणाकाराने इतका आनंद यापूर्वी दिला नव्हता. जर्मन चौसष्टवर अडकले आहेत, हे शेजारच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थांना सांगावंसं वाटलं. सांगितलंही.

पिंपरी-चिंचवडमध्ये पार्किंगमध्ये गाडीची दारं उघडी टाकून एकट्याने काम करता येत नाही. इथे प्रत्येक जिन्यात एक क्वालिटीवाला, एक मेन्टेनन्सवाला आणि एक टेल्कोतून रिटायर झालेला माणूस असतोच. आमच्या टेल्कोच्या काकांना २००३ साली कंपनीचं नाव बदलल्याचं अजून मान्य नाही. ते खुर्ची घेऊन आले. ‘पट्टीवर बारा व्होल्ट लिहिलंय. गाडी चालू झाली की चौदाच्या वर जातं, ते कोण बघणार?’ मग, ‘पट्टी तीन-तीन दिव्यांच्या खुणेवरच काप.’ मग, ‘पिलरला हात लावू नको, आत एअरबॅग आहे.’ फ्यूज बॉक्समध्ये टॅप बसवून मी बटण दाबलं. काही झालं नाही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे क्वालिटीवाले उतरले आणि त्यांनी जपान्यांची ती पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत सुरू केली.

‘दिवा का लागत नाही?’

‘करंट येत नाही.’

‘का येत नाही?’

‘फ्यूज उडाला.’

‘का उडाला?’

‘वायर बॉडीला टेकली.’

‘का टेकली?’

‘जास्तच सोलली गेली. दातांनी सोलली होती.’

‘दातांनी का?’

भाजीची पिशवी घेऊन आमची ही शेजारून जात होती. ती म्हणाली, ‘सवय आहे त्यांना.’ मूळ कारण सापडल्याचं समाधान क्वालिटीवाल्यांच्या चेहऱ्यावर पसरलं आणि ते चहाला गेले.

दाराची ट्रिम काढताना कट्‌ असा आवाज आला. पांढऱ्या नायलॉनची एक क्लिप, तिचे पाकळ्यांसारखे कान असतात, त्यातला एक कान माझ्या मांडीवर येऊन पडला. काकांनी डोळे मिटून घेतले. मी कान खिशात टाकला.

पण डॅशबोर्डखालचं आधी सांगायला हवं. डोकं पेडलशी, पाय बाहेर, मोबाइलचा टॉर्च तोंडात, अशा अवस्थेत मी वर बघितलं. आमचा ब्रॅकेट शोधत होतो, अर्थातच. तो नव्हता. त्या जागी दुसऱ्याच कुठल्या व्हेंडरचा होता. मात्र तिथल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या मार्करची एकेक रेघ होती. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर उतरलेली, सरळ. काका बाहेरून म्हणाले, ‘टॉर्क बघितला की ऑपरेटर रेघ मारतो. बोल्ट सैल झाला की रेघ तुटते.’ दिवसाला अशा किती रेघा मारल्या असतील त्याने, कुठल्या शिफ्टला, कोण जाणे. गाडी घेणाऱ्याला त्या कधी दिसायच्या नाहीत, अंधारातच राहायच्या, आणि तरी एकही तिरकी नव्हती. मी जरा वेळ तसाच पडून राहिलो. मग टॉर्चची लाळ पुसली आणि त्यांच्याच शेजारी माझी पट्टी चिकटवली, तिरकी.

लागली. पायाशी निळा, दारांत जांभळा. आता खरं म्हणजे रात्रीच्या रस्त्याबद्दल लिहायला हवं, पण मला आधी नवरात्राबद्दल बोलायचं आहे.

बायको बँकेत आहे. नवरात्रात बँकेत कर्ज एक वेळ मिळणार नाही, पण काउंटरमागे सगळ्याजणी एका रंगात मिळतील. मी ठरवलं की रोज सकाळी तिला सोडताना तिच्या साडीचा रंग गाडीत लावायचा. यामागे प्रेम होतं. बँकेच्या दारात तिच्या मैत्रिणी उभ्या असतात, हे नंतरचं. पिवळा, केशरी, हिरवा यांनी त्रास दिला नाही. राणीच्या दिवशी वाद झाला. ‘हा राणी नाही, वांगी आहे.’ मी निळा कमी केला. ‘आता डाळिंबी झाला.’ मी लाल उतरवला. ‘हा कुठलाच नाही.’ आणि मग तिने पट्टीचं मर्मच सांगितलं: ‘तुमच्यासारखीच आहे ती. तीनच रंग कळतात, बाकी सगळ्या थापा.’

हे मला लागलं. मी म्हणालो, त्या तिनातल्या एकासाठी जग थांबलं होतं. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ सालीच आला. पण चमकदार निळा काही केल्या जमेना. तो जपानमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जमला, आणि निळा आल्यावर पांढरा आला, म्हणून आपल्या घरातले सगळे दिवे आले. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ चं नोबेल मिळालं. ‘छान,’ ती म्हणाली. ‘आता राणी करा.’

मग राखाडीचा दिवस आला.

मी पांढरा लावला आणि कमी करत गेलो. मंद पांढरा झाला. आणखी कमी केला, आणखी मंद पांढरा झाला. शेवटी विझला. एक कोटी सदुसष्ट लाखांत राखाडी नाही! दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. मग उलगडलं: दिव्याला राखाडी होताच येत नाही. शेजारी काहीतरी जास्त उजळ असलं तरच राखाडी राखाडी दिसतो; अंधारात एकटा सोडला की तो फक्त अशक्त पांढरा असतो. चॉकलेटीचंही तेच, तो शेजाऱ्यांनी दबलेला नारिंगी. काळ्याचं तर बोलायलाच नको, काळा दिवा म्हणजे बंद दिवा. हे सगळं मी तिला नाशिक फाट्याच्या सिग्नलला उत्साहाने सांगितलं, आणि पुढे असंही म्हणालो की जगात काही गोष्टी स्वतःच्या उजेडाने दिसत नाहीत, त्यांना—

‘अहो, बंदच ठेवा,’ ती म्हणाली. ‘चाकणच्या धुळीने पट्टी राखाडीच झालीय.’

बोटाने पुसून बघितलं. साडीला अगदी मॅचिंग.

तर रात्र. ऑडिट असलं की मला उशीर होतो आणि दुसरी शिफ्ट सुटायच्या वेळी मी रस्त्यावर असतो. तेव्हा कडेने पोरं चालत असतात. पाठीला सॅक, पायांत सेफ्टी शूज, येईल त्या टेम्पोला हात. नावापुढे पर्मनंट लागलं नसेल तर कंपनीची बस मिळेलच असं नाही. रस्त्यावर दिवे आहेत कुठे कुठे, पण बऱ्याच ठिकाणी त्यांच्या अंगावर पडणारा उजेड म्हणजे मागून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट, आणि त्या उजेडात त्यांनी बाजूला व्हायचं असतं. कडेला कंटेनर उभे, त्यांना मागे साधा रिफ्लेक्टर नाही. जगातल्या चांगल्यांतल्या चांगल्या गाड्या इथून बाहेर पडतात, त्या बनवणाऱ्याला घरी चालत जायला हातभर फूटपाथ नाही, आणि ‘देशाचं डेट्रॉइट’ म्हणून आमची छाती फुगते. याचा मला मनापासून संताप येतो. येतो, आणि मी एसी एक नंबर वाढवतो.

एकदा मात्र थांबलो. बावीस-तेवीसचा पोरगा, लातूरकडचा, आयटीआय झालेला, ट्रेनी. मोशीला रूमवर जायचं होतं. तो बसला तसा मी ठेवणीतला रंग काढला, चिंतामणी, आणि रिमोटवरून ‘श्वास’ लावला. यात उजेड हळूहळू वाढतो आणि हळूहळू कमी होतो. पोरगा काहीतरी बोलेल म्हणून मी कुरुळी येईपर्यंत वाट बघितली.

‘काका,’ तो शेवटी म्हणाला, ‘हे बंद होतंय का? डोळे मिटले तरी आत येऊ लालंय.’

बंद केलं. तो दाराला टेकला आणि लगेच झोपला असं मला वाटलं. उजेड गेल्यावर गाडीत एकच गोष्ट उरली, माझ्या दाराची खडखड. नवरात्रापासून ती मी गाणी लावून झाकत होतो. चिंबळी फाट्याच्या खड्ड्यात ती जोरात वाजली.

‘क्लिप तुटलीय,’ डोळे मिटूनच तो म्हणाला. मग सरळ झाला, माझ्या पोटावरून हात घालून दाराची ट्रिम खालून वर चाचपली आणि एका जागी मनगटाने ठप्‌कन मारलं. खडखड थांबली.

‘तुला कसं कळलं?’

‘हेच बसवतो की दिवसभर.’ परत टेकला. ‘कोणी काढली होती?’

‘गॅरेजवाल्याने,’ मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मोशीला उतरला, सॅक चढवली, दार लावताना वाकून आत बघितलं, तिरक्या पट्टीकडे जरा जास्तच वेळ.

‘काका, हे आत्तापुरतं राहील. क्लिप बदलून घ्या, दहा-वीस रुपयांत मिळती. दोन घ्या पण. एक त्या गॅरेजवाल्याकडून तुटणार.’