खड्डे खणणाऱ्या पोराची गोष्ट

अगं, जरा इकडे भिंतीपाशी ये ना. सकाळी तुझ्या धाकट्याचं ऐकलं. मुद्दाम नाही गं कान लावले, पण एवढ्या मोठ्यानं ‘मी शिबिराला जाणार नाही’ म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या दूधवाल्यालाही कळलं असेल. पैसे भरून झालेत ना? मग झालं. ते काही परत मिळत नाहीत.

परवा एक पुस्तक वाचलं, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचंच होतं. नात सुट्टीला आली होती ना, तीच विसरून गेली. ‘होल्स’. लुई सॅकर नावाचा अमेरिकन लेखक आहे, त्याचं. 1998 सालचं. पोरांच्या पुस्तकांना तिकडे न्यूबेरी पदक देतात, तेही त्याला मिळालंय. त्यातला पोरगा असाच, मनाविरुद्ध कॅम्पला गेलेला. स्टॅनली येलनॅट्स. इंग्रजीत नाव उलटं लिहिलं की आडनाव तयार, म्हणून घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळे स्टॅनलीच! अंगानं जाड. गणिताच्या बाईंनी गुणोत्तर शिकवायला वर्गातला सगळ्यात जड म्हणून ह्याला आणि सगळ्यात हलका म्हणून दुसऱ्याला, दोघांनाही काट्यावर चढवलं. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण पोराचं काय झालं असेल सांग.

तर हा रस्त्यानं चाललाय आणि पुलावरून एक बुटांची जोडी ह्याच्या डोक्यात पडते. नेमके एका नामांकित खेळाडूचे बूट, बेघरांच्या मदतीसाठी लिलावाला दिलेले आणि तिथून चोरीला गेलेले. झालं, हाच चोर! न्यायाधीश म्हणतात, तुरुंगात जातोस की कॅम्प ग्रीन लेकला? घरची गरिबी, आयुष्यात कॅम्प कधी बघितला नव्हता. म्हणाला कॅम्प. दीड वर्ष!

पोचतो तर लेक नाहीच. टेक्सासमधलं एकेकाळचं सगळ्यात मोठं तळं, ते आटून शंभर वर्षं झालेली. नुसतं तापलेलं वाळवंट. आणि काम काय, तर रोज प्रत्येकानं एक खड्डा खणायचा. पाच फूट खोल, पाच फूट रुंद. माप म्हणजे हातातलं फावडंच, तेही पाच फुटी. खड्ड्यात कसंही आडवं धरलं तरी मावलं पाहिजे. तळहाताला फोड येतात, ते फुटतात, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खण. का? तर म्हणे त्यानं वाईट पोरं चांगली होतात. कुंपण नाही बरं का, पहारेकरीही नाहीत. आसपास कोसन्‌कोस दुसरीकडे पाणीच नाही, पळून जाणार कुठे?

आणि आईला पत्र काय लिहितो, तर मजा चाललीये, पोहायला शिकतोय! मला तिथं भरून आलं बाई. तुझ्याकडचा ‘नाही जाणार’ म्हणून ओरडतो तरी. हा तोंडातून अक्षर काढत नाही.

तिथली वॉर्डन म्हणजे एक बाई आहे. अख्ख्या माळावर सावली एवढीशी, दोन झाडांखाली, आणि तीही तिच्याच मालकीची. नखांना लावते ते लाल पॉलिश विषारी सापाचं विष घालून केलेलं. रागावली की ओरखडा काढते, आणि पोरांना नव्हे, आपल्याच माणसाला! 2003 साली सिनेमा निघाला, त्यात सिगर्नी वीव्हर झालीये ही. खरी गोम वेगळीच आहे. पोरं सुधारायचं सगळं नाटक. बाईला त्या मातीत काहीतरी सापडायला हवंय, आणि ते फुकटात खणायला पोरं आयती मिळालीत.

म्हणून तुला विचारते, रागावू नकोस. तुझ्या त्या शिबिराच्या कागदावर ‘व्यक्तिमत्त्व विकास’ छापलंय, ते ठीक. पण तू का पाठवतेस? ... हां! दहा दिवस घर शांत हवंय. अगं मग तसं सांग ना त्याला. पंधरा वर्षांचा आहे, कळतं त्याला. खोटं कारण दिलं की पोरं बिथरतात.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? झीरो नावाचा एक मुलगा आहे, कुणाशी बोलत नाही, सगळे त्याला ठोंब्या समजतात. तो स्टॅनलीची पत्रं त्याच्या खांद्यावरून बघत राहतो, आणि मग कळतं की ह्याला वाचताच येत नाही. मग ठरतं, झीरोनं स्टॅनलीचा थोडा खड्डा खणायचा, स्टॅनलीनं त्याला अक्षरं शिकवायची. बाकीच्या पोरांच्या पोटात लगेच दुखायला लागतं.

आणि कांदा! जुन्या काळातली गोष्टही आहे त्यात, सॅम नावाच्या कृष्णवर्णीय कांदेवाल्याची. सगळ्या दुखण्यांवर त्याचा कांदाच. तिथं पिवळ्या ठिपक्यांचे विषारी सरडे आहेत, भरपूर कांदा खाल्लेल्याच्या वाटेला ते जात नाहीत म्हणे. मला आजी आठवली, उन्हातून जाताना खिशात कांदा कोंबायची. तर हा सॅम आणि गावातली गोरी मास्तरीण, दोघांचा जीव जडतो. एका संध्याकाळी एक बाई त्यांना बघते आणि गावभर करते. पुढे काय होतं ते सांगवत नाही. त्या दिवसापासून त्या तळ्यावर पावसाचा थेंब नाही. हसू नकोस! आपण बोलतो ते वेगळं. आपण कुणाच्या जिवावर उठत नाही.

योगायोग जरा जास्तच आहेत हो, ते मी म्हणणारच. पणजोबांचं, खापरपणजोबांचं, कुणाच्या शापाचं, सगळं येऊन त्याच एका माळावर जुळतं. आपल्या मालिकावाल्यांनी केलं असतं तर नावं ठेवली असती मी. पण हा माणूस ते सगळं इतक्या कोरड्या चेहऱ्यानं सांगतो, की मागे कुठे काय पेरलं होतं ते बघायला मी दोनदा पानं उलटली.

सुटतो का? ते नाही सांगणार. तुला सांगितलं की तू त्याला सांगशील आणि तो पुस्तक उघडणार नाही. घेऊन जा, इंग्रजी सोपं आहे, प्रकरणं लहान लहान. त्याच्या बॅगेत टाक, बोलू नकोस काही. आणि आठवणीनं परत दे, नातीचं आहे ते. माझं मिक्सरचं भांडं अजून तुझ्याकडेच आहे.