ऐकलंत का, रापर्सविलच्या पुलाचं?

अहो वहिनी, या जरा कुंपणापाशी. हळू बोला, आमचे हे आत पेपर वाचतायत. ऐकलंत का, रापर्सविलचं? तेच हो, झुरिकच्या तळ्याकाठचं, लेकीकडे तीन महिने राहून आले ना मी. समोरच्या काठाला हुर्डन, आणि मधे पाण्यातून तो बांध. आगगाडी काय, मोटारी काय, सगळं त्याच्यावरून. म्हणाल, बांधाचं काय एवढं कौतुक! पण त्याच्यामागे केवढी भांडणं...

रापर्सविलचे काउंट होते ना, त्यातला थोरला योहान. त्याला १३३७ साली झुरिकवाल्यांनी लढाईत मारलं. पोरगा डूख धरून बसला. १३५० च्या फेब्रुवारीत माणसं घेऊन रात्रीचा थेट झुरिकात! तिथला नगराध्यक्ष ब्रून, त्यालाच उडवायचा प्लॅन. तो फसला. ब्रून वाचला आणि हे महाशय नदीच्या मधोमध बुरुजात कैद. खिडकीतून बघावं तर चहूकडे पाणी! ब्रूनचं तेवढ्याने कुठलं भागायला? त्याच वर्षी त्याने रापर्सविल गाव आणि किल्ला, दोन्ही पाडले.

तर काय सांगत होते... हां, पूल. गाव मग गेलं हाप्सबुर्गांकडे. त्यांचा रुडोल्फ, जेमतेम अठरा-एकोणीसचा, पण हौस दांडगी. १३५८ ला काम काढलं, १३६० ला लाकडी पूल तयार. सुमारे दीड किलोमीटर लांब, अन् कठडा म्हणून नाही! फळ्या नुसत्या टाकलेल्या, ठोकलेल्यासुद्धा नाहीत. आइनसीडल्नच्या मेरीमातेचे यात्रेकरू त्याच्यावरून जायचे. वारा सुटला की तोंडात देवाचंच नाव येत असणार.

आणि या रुडोल्फचं दुसरं प्रकरण... कुणाला सांगू नका हं. त्याच सुमाराला त्याने घराण्याच्या मोठेपणाचे खोटे कागद करवून घेतले. त्यात पत्रं कुणाची? ज्युलियस सीझरची आणि नीरोची! सासरा पडला सम्राट. त्याने ती पेट्रार्कला, त्या इटालियन कवीला दाखवली. तो म्हणाला, साफ बनावट. जावयाचं तोंड कसं झालं असेल! पण गंमत बघा, पुढे त्याच घराण्यातला माणूस सम्राट झाला आणि १४५३ ला तेच कागद खरे ठरवले. घरचाच शिक्का, मग काय!

पूल मात्र टिकला, डागडुजी करत करत पाचशे वर्षं. १८७८ ला दगडमातीचा बांध झाला, वरून रेल्वे आली, आणि जुनं लाकूड काढून टाकलं. बरं, काढलं ते काढलं. २००१ साली शेजारीच पुन्हा लाकडी पूल! पायी चालणाऱ्यांसाठी, ८४१ मीटर, ओकच्या लाकडाचा. मी गेले की चालून, फळ्या पायाखाली ठकठक वाजतात. वाटेत १५५१ चं एक चॅपल आहे, आपल्या देवळीपेक्षा थोडं मोठं, इतकंच.

मी आपली जावयांना म्हटलं, "काही म्हणा, पहिला पूल घातला तो रुडोल्फनेच." ते हसायलाच लागले. "छे हो आई, इथे पाण्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पुलाचे खांब सापडलेत."

पडलाच ना माझा चेहरा! म्हणजे बघा, नाव झालं रुडोल्फचं, वहिवाट आधीचीच.