शुभेच्छुक, खालची रांग

फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीला दोन्ही अंगांनी पीव्हीसीचा थर बसवून केलेले कापड. त्यात दोन जातींचे प्लास्टिक असे जुंपलेले असते की भंगारवालासुद्धा हात लावत नाही. बीड जिल्ह्यात ते वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि दहावा या चार ऋतूंत फुलते.

त्याची मांडणी ठरलेली असते. वर श्रद्धास्थाने, मधे पांढऱ्या शर्टातले सत्कारमूर्ती, खाली शुभेच्छुकांची रांग. प्रस्तुत लेखकाचे स्थान या खालच्या रांगेत. छपाईवाल्याने ‘सर, केस काळे करू का?’ असे विचारल्यावर ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असे त्याने अलिप्तपणे सांगितले आणि केस काळे होईपर्यंत तो दुकानातून हलला नाही. नावाखाली ‘साहित्यीक’ असे दीर्घ छापून आले. एरवी ऱ्हस्व-दीर्घावरून माणसे तोडणाऱ्या लेखकाने ते उदार मनाने स्वीकारले. पुढे आठवडाभर तो दूध आणायला चौकाच्या वळणाने जात असे. डेअरी उलट्या दिशेला आहे.

फ्लेक्सचा धाकटा भाऊ म्हणजे फुकटचा टी-शर्ट. बीड हा कापसाचा जिल्हा. पण पाठीवर बियाण्याची किंवा सिमेंटची जाहिरात घेऊन फिरणारा हा टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचा असतो. धुताना त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात. सुती असला तरी छातीवरची जाड, रबरासारखी छपाई बऱ्याचदा पुन्हा पीव्हीसीचीच. शिवाय एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा हिशेब जागतिक पातळीवर मांडला जातो. उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्या गावात हा आकडा सांगू नये.

कायदेही आहेत. विनापरवाना फलकांनी गाव विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५चा कायदा आहे. १ जुलै २०२२पासून शंभर मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असल्याने निवांत लटकतो. केरळने २०१९मध्ये फ्लेक्सवरच बंदी घातली. तिकडे वाढदिवस कसे होतात, हा संशोधनाचा विषय आहे.

पूर्वी पेंटर कापडी बॅनर रंगवत. कार्यक्रम झाला की त्याचे पोतेरे होई आणि पोतेऱ्याची माती. फ्लेक्सची माती होत नाही, म्हणून त्याला पुढचा जन्म घ्यावा लागतो. या जन्माची पाहणी करायची तर चौक सोडून शिवारात जावे. कडब्याच्या गंजीवर भावी आमदार पालथे पडलेले दिसतात. सोयाबीनच्या ढिगाला दोन पक्षांचे जिल्हाध्यक्ष मिळून झाकतात. एरवी अशक्य असलेली ही युती दोरीने घट्ट बांधलेली असते. वासराच्या गोठ्याला आडोसा म्हणून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लावलेली असते आणि वासरू धडधाकट असते. अशाच एका गंजीवर लेखकाला स्वतःचे काळे केस दिसले, डोके खाली. मालक मनापासून म्हणाला, ‘लई कामाला आलात सर, थेंब गळत नाही.’ लेखकाच्या साहित्याला मिळालेला हा सर्वात निःसंदिग्ध अभिप्राय होय.

दिवाळीच्या आसपास हाच फ्लेक्स संसारासोबत ट्रॅक्टरमध्ये चढतो. ऊसतोडीला निघालेली टोळी कारखान्याच्या फडाजवळ कोप्या घालते आणि वरून तो पांघरते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्यातली बाई साडीवर पुरुषी शर्ट नाहीतर तो जाहिरातीचा टी-शर्ट चढवते, कारण पाचट अंगाला कापते. उन्हात पॉलिएस्टर घामाने चिकटते. पण ते फुकट असते. फ्लेक्स फाटला की त्याचा तुकडा कधी चुलीत जातो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होतात. फुंकर घालणारी बाई खोकते, शेजारी लेकरू असते. वर छापलेल्यांपैकी कोणी या कोपीत वाकून शिरलेला नसतो. लेखकही नाही.

त्यामुळे वाढदिवसाला फ्लेक्सऐवजी खरी ताडपत्री द्यावी, कोरी. आणि चेहरा छापल्याशिवाय राहवतच नसेल, तर निदान फलक उतरवताना कडेच्या रिंगा ओरबाडू नयेत. शेतकऱ्याला दोरी ओवायला त्या लागतात.