कबुतराकरवी इंटरनेट : नवशिक्यांसाठी

परवानगीची काळजी सोडा, सगळं रीतसर आहे. इंटरनेट कसं चालावं हे आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या ११४९ क्रमांकाच्या दस्तऐवजात पक्ष्यांकरवी इंटरनेटची पॅकेटं कशी धाडायची हे दिलं आहे. डेव्हिड वेट्झमन यांचा हा दस्तऐवज १ एप्रिल १९९० रोजी प्रसिद्ध झाला. तारखेकडे फार लक्ष देऊ नका. मजकूर लिहिताना वेट्झमन यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री कुठे मोडलेली नाही.

नवशिक्याची पहिली चूक पक्षी निवडताना होते. खिडकीच्या ग्रिलवर येऊन घुमणारे पारवे फुकट मिळतात म्हणून त्यांना हात घालू नका. दादरच्या कबुतरखान्याकडेही फिरकू नका, तिथलं प्रकरण आधीच हायकोर्टात गेलेलं आहे. तुम्हाला हवेत होमर, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी आपली ढाबळ शोधत येणारी जातिवंत कबुतरं.

आता यातली गोम. कबूतर फक्त घरी परततं. ठाण्याच्या कबुतराला ‘डोंबिवलीला जा’ म्हटलं तर ते तुमच्याकडे मान वाकडी करून बघतं आणि ज्वारी टिपू लागतं. म्हणून दुतर्फा कनेक्शन हवं असेल तर तुमची कबुतरं डोंबिवलीला आणि डोंबिवलीची तुमच्याकडे, पिंजऱ्यात घालून, आधीच नेऊन ठेवावी लागतात. नेटवर्कचा निम्मा भार मध्य रेल्वे वाहते असं म्हणायला हरकत नाही.

मग पॅकेट तयार करा. साध्या पिंगपासून सुरुवात करावी. पिंग म्हणजे ‘आहेस का?’ एवढंच विचारणारं आणि ‘आहे’ एवढंच ऐकू पाहणारं पॅकेट. लिनक्सवर ते ८४ बाइटचं असतं, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये छापलं की १६८ अक्षरं होतात. कागदाची पट्टी कापा, सुरळी करा, पायाला गुंडाळा, वर चिकटपट्टी. पक्षी धरताना त्याचे पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात घ्या आणि अंगठा पंखांवर ठेवा. म्हणजे तो फडफडत नाही आणि दुसरा हात मोकळा राहतो. मूळ दस्तऐवजानुसार बँडविड्थला पायाच्या लांबीची मर्यादा आहे, आणि एका पॅकेटचं नेहमीचं कमाल वजन २५६ मिलिग्रॅम. वाहक जसजसा वयानं वाढतो तसतशी ही मर्यादाही वाढते म्हणे. पलीकडच्यानं पट्टी सोडवायची, स्कॅन करायची आणि उत्तर दुसऱ्या कबुतराच्या पायाला बांधायचं.

वेगाबद्दल आधीच मनाची तयारी करा. नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमींनी २८ एप्रिल २००१ रोजी हे खरोखर करून पाहिलं. अंतर सुमारे पाच किलोमीटर. नऊ पॅकेटं गेली, चार उत्तरं आली. सगळ्यांत चपळ उत्तराला साडेत्रेपन्न मिनिटं लागली, सगळ्यांत रेंगाळलेल्याला पावणेदोन तास. संगणकानं नेहमीच्या थंडपणे ५५ टक्के पॅकेट लॉस अशी नोंद केली.

इथे बरेच नवशिके हिरमुसतात. तसं करू नये, कारण नियम कुठेच मोडलेला नाही. आयपी हा प्रोटोकॉल मुळात पॅकेट पोचवण्याची हमीच देत नाही. जमेल तसं पुढे ढकलतो, क्रम बदलला, उशीर झाला, वाटेत काही हरवलं तर हात वर करतो. हरवलेलं पुन्हा मागवणं, उलटसुलट आलेलं ओळीनं लावणं हे वरच्या मजल्यावरच्या टीसीपीचं काम. खाली तांब्याची तार आहे, काच आहे, वायफाय आहे की पिसं, याची आयपीला फिकीर नाही. एप्रिल फूल असूनही ही योजना चालली ती यामुळेच. मला तर आयपीचा एवढा नेमका धडा दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. क्लासवाले मात्र अजून सात थरांचा तक्ताच घोकून घेतात.

हात बसला की कागद सोडून मायक्रोएसडी कार्डावर या. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतरानं चार जीबीचं कार्ड सुमारे ८० किलोमीटरवरच्या डर्बनला नेलं. डेटा संगणकावर उतरवून घेण्यासकट दोन तास सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात एडीएसएलच्या लाइनवरून चार टक्के डेटा पोचला होता. मायक्रोएसडी कार्डाचं वजन पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वेट्झमन यांच्या मर्यादेत बेतानं बसणारं. आज एक टीबीचं कार्ड बांधून तेवढ्याच वेळात पोचवलं तर हिशेब सेकंदाला एक गिगाबिटच्या वर जातो. शंभर एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर तेवढ्याच डेटाला बावीस तास लागतील. कार्ड भरायला आणि रिकामं करायला लागणारे तास मोजायचे नसतात. जाहिरातीतला वेग असाच काढतात.

व्हिडिओ कॉलच्या भानगडीत मात्र पडू नका. ‘आवाज येतोय का?’ याचं उत्तर दोन तासांनी आलं तर पलीकडच्या मामी रुसतील.

जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकांसाठी १ एप्रिल १९९९ चा आरएफसी २५४९ बघावा. त्यात सेवेच्या श्रेणी ठरवून दिल्या आहेत, कॉनकॉर्डपासून साध्या डब्यापर्यंत. अवजड मालासाठी शहामृगांचाही पर्याय सुचवला आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो आपणहून काढू नये.

ऑडिटची वेगळी व्यवस्था लागत नाही. पक्षी जिथे बसला तिथे नोंद आपोआप उमटते, हेही मूळ दस्तऐवजातच आहे. खालच्या मजल्यावरचे लोक ती वाळत घातलेल्या चादरीवर वाचतील आणि वर येतील. तेव्हा दारात आरएफसीची छापील प्रत तयार ठेवा.

पॅकेट गेलं आणि उत्तर आलंच नाही, तर टीसीपीप्रमाणे थोडं थांबून पुन्हा पाठवा. तेही नाही आलं तर थांबण्याचा काळ दुप्पट करा आणि आणखी एकदा पाठवा. एव्हाना ढाबळ रिकामी झाली असेल. डोंबिवलीला फोन लावा आणि त्यांच्याकडचा स्कॅनर चालू आहे का ते विचारा.