नडीच्या नाण्यांचा वसा

ज्याला सोने-चांदी परवडत नाही, पण घरच्यांचा रोष परवडतो, त्याने जर्मन गावांच्या नडीच्या नाण्यांचा वसा घ्यावा.

पार्श्वभूमी पाठ असावी. पहिल्या महायुद्धात लोकांनी चांदीची नाणी दडवली, तांबे-निकेल सरकारने दारूगोळ्यासाठी ओढून घेतले आणि बाजारात सुट्टे मिळेनासे झाले. आपला वाणी अशा वेळी हातावर चॉकलेट ठेवतो. जर्मन नगरपालिकांनी जस्ताची आणि लोखंडाची ५, १०, ५० फेनिगची नाणी पाडली. वेशीबाहेर त्यांना सहसा कुणी विचारत नसे. नेमकी अशीच वस्तू शंभर वर्षांनी चढ्या भावाने घ्यायची, हा या वशाचा पहिला नियम.

खिशात चुंबक ठेवावे. नाणे चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर बहुधा जस्त किंवा ॲल्युमिनियम. लोखंड गंजते, जस्तावर पांढरी पूड चढते. दोन्हींकडे कौतुकाने पाहावे, घासू मात्र नये. चिंच, लिंबू, पितांबरी यांची सावलीही पडू देऊ नये. दिवाळीच्या आधीचा आठवडा विशेष घातक, कारण समया घासायला बसलेल्या हाताला १९१८ चे जस्त वेगळे दिसत नाही. अल्बम कुलपात घालावा, किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी.

नदीचे नाव वाचल्याशिवाय फ्रँकफर्ट घेऊ नये. एक माइनकाठी आहे, दुसरे ओडरकाठी. विक्रेता फारच ऐटीत बोलू लागला तर नाणे उजेडात धरून ‘फुंकमध्ये हे दिसत नाही’ एवढेच पुटपुटावे. वाल्टर फुंक यांची सूची आपण पाहिलेली असणे आवश्यक नाही.

बॉनने १९२० मध्ये बीथोव्हेनच्या दीडशेव्या जयंतीवर्षी त्याला लोखंडी नाण्यावर बसवले. हे घ्यावेच. सॅक्सनीतल्या माइसेनच्या कारखान्याने १९२०-२१ मध्ये चक्क चिनी मातीची नाणी घडवली, तपकिरी आणि पांढरी. ही जपून हाताळावीत. बशी फुटली तर घरात आरडाओरडा होतो. सॅक्सनीचे २० मार्क फुटले तर संग्राहक मुकाट्याने केर काढतो.

आता थोडे हिशेबाचे. नाणे परत आले की गावाला त्याचे पैसे मोजावे लागत. अल्बमात गेलेले नाणे परत येत नसे. हे ध्यानात येताच गावांना कलेचा पान्हा फुटला. नोटांचे तर रंगीत संचच निघाले, आणि त्यांतले कित्येक व्यवहारात आलेच नाहीत. म्हणजे संग्राहक हा गावाचा पावती न मागणारा देणगीदार. ही परंपरा आपण चालवतो आहोत, याचा अभिमान बाळगावा. गावाऐवजी आता पैसे दलालाला जातात, तेवढा तपशील वगळावा.

हात बसल्यावर वेस्टफालियाचे १९२३ सालचे, प्रशियाचा जुना मंत्री फॉम श्टाइन याच्या मुखवट्याचे, एक लाख कोटी मार्कांचे नाणे घ्यावे. त्या नोव्हेंबरात डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला होता, तेव्हा त्या हिशेबाने या नाण्याची किंमत पाव डॉलरही भरत नाही. घरी मात्र डॉलरचा विषय काढू नये. शांतपणे सांगावे : ‘लाख कोटींची वस्तू होती, काही हजारांत सोडली त्याने.’