एजंट होण्याची पात्रता

महारेराने 2023 मध्ये इस्टेट एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे उत्तमच झालं. पण कायद्याची कलमं कोणीही पाठ करील. उपजत गुणांचं काय? म्हणून इच्छुकांनी आधी घरगुती चाचणी द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

बदलापूर स्टेशनातून बाहेर पडून चालायला लागा. 25 मिनिटांनी घामाघूम होऊन साइटवर पोचल्यावर तुमच्या तोंडून सहज ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं निघालं, तर तुमच्यात जन्मजात देणगी आहे. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढा, मान पूर्ण डावीकडे वळवा. शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने हलल्या की बोटभर हिरवं दिसतं. ते डबकं असेल तर ‘लेक व्ह्यू’, झाड असेल तर ‘निसर्गाच्या कुशीत’. झाडही नसेल तर मेट्रो येणारच आहे.

अकरा महिन्यांच्या करारावर महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेताना, आणि नूतनीकरणाला पुन्हा मागताना, आवाज कापता कामा नये. काम काय केलं, असं कोणी विचारलंच तर चावी दाखवावी.

प्रामाणिकपणाची मात्र या धंद्यात भारी कदर आहे. ‘बॅचलर नको, नॉनव्हेज नको, आडनाव काय म्हणालात?’ इतकं सरळ दुसरं कोण बोलतं?

अर्जावर राहण्याचा पत्ता लिहावा लागतो. तिथे जाणते उमेदवार मेहुण्याचा देतात. भाड्याने घर घ्यायला गेलं, तर दलाली परवडत नाही.